नरक्याचे लाकूड आणि कॅन्सरचे औषध



या विषयाचा अधिकारी म्हणून मी येथे उभा नाही. माझे शिक्षण शाळेपेक्षा युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयातच अधिक झाले. काही वर्षांपूर्वी आमच्या एका सहकाऱ्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर झाला. त्याच्या चिठ्ठीवर 'इरिनोटेकान' हे औषध होते. "हे येते कुठून, एवढे तरी शोधून सांगा," असे तो मला म्हणाला. त्या शोधाची हकिकत आज सांगतो.

हिचा आरंभ अमेरिकेत होतो. कॅलिफोर्नियातील चिको येथील सरकारी बागेत एक चिनी झाड होते. चीनमध्ये त्याला 'आनंदवृक्ष' म्हणतात. त्याच्या अर्काने उंदरांच्या रक्तातील कॅन्सर मागे हटतो, असे दिसून आले. तेव्हा नॉर्थ कॅरोलिनातील एका संशोधन संस्थेत मन्रो वॉल यांनी त्यातील नेमका गुणकारी पदार्थ वेगळा काढण्याचे काम हाती घेतले. १९६२ साली मनसुख वाणी त्यांना येऊन मिळाले. हे वाणी आपल्या नंदुरबारात जन्मलेले आणि मुंबई विद्यापीठात शिकलेले. १९६६ साली 'कॅम्प्टोथेसिन' या पदार्थाची रचना प्रसिद्ध झाली. त्या निबंधावर सहा जणांची नावे आहेत.

आता वाटेल की औषध सापडले. पण नाही! पदार्थ पाण्यात विरघळत नव्हता, म्हणून त्याचा क्षार करून तो १९७० च्या सुमारास रुग्णांना देऊन पाहिला. गुण थोडा आला आणि मूत्राशयाला इजा फार झाली. ते प्रयोग थांबवावे लागले. वनस्पतीची म्हणून वस्तू निरुपद्रवी, असे मानणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

त्याच सुमारास, १९७२ साली, हाच पदार्थ आपल्या घाटातल्या नरक्यातही असल्याचे गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवून दिले. गोविंदाचारी तेव्हा मुंबईत गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्राचे संचालक होते. नरक्या हे लहानसे, उग्र वासाचे झाड. दुर्गंधीमुळेच त्याला हे नाव पडले असावे. परंतु कॅम्प्टोथेसिन त्यात चिनी झाडापेक्षा अधिक निघते.

तो पदार्थ करतो काय, हे १९८५ साली उलगडले. माझे वडील गिरणीच्या सूतखात्यात होते, म्हणून मला ते सुताच्या भाषेत कळते. पेशीतील आनुवंशिक द्रव्य म्हणजे दुपेडी धागा. पेशी दुभंगण्यापूर्वी त्याची नक्कल होते, तेव्हा पुढे पीळ साचत जातो. एक विकर त्या धाग्याचा एक पेड कापते, पीळ सोडते आणि पेड पुन्हा सांधते. कॅम्प्टोथेसिन नेमके त्या कापल्या जागी जाऊन बसते आणि सांधू देत नाही. नक्कल करणारी यंत्रणा तेथे येऊन आदळते आणि धागा पुरताच तुटतो. अशी नुकसानी भरून येत नाही, हे ओळखून पेशी आपला कारभार आपणच आटोपते. कॅन्सरच्या पेशी सारख्या दुभंगत असतात, म्हणून हा मार त्यांना अधिक बसतो. पण आतड्यातील आणि रक्त घडविणाऱ्या निरोगी पेशीही दुभंगतातच. त्याही यातून सुटत नाहीत. म्हणून नरक्याची साल उकळून पिणे हा उपचार नव्हे.

पुढे याच पदार्थात फेरफार करून पाण्यात विरघळणारी औषधे तयार झाली. इरिनोटेकानला जपानात १९९४ साली परवानगी मिळाली. अमेरिकेत १९९६ साली त्याला आणि टोपोटेकानलाही मिळाली. निबंधापासून औषधापर्यंत तीस वर्षे गेली.

आणि मग बाजार जागा झाला. सह्याद्रीत नरक्याची बेसुमार तोड सुरू झाली. झाडे बुंध्यापासून कापून, तुकडे करून, पोत्यांत भरून रातोरात बाहेर गेली. वनखात्याने पकडलेल्या लाकडाच्या बातम्या येत राहिल्या. पकडला जातो तो बहुधा कोयता चालविणारा किंवा गाडी हाकणारा. त्याला आपण काय तोडतो, ते कोणाच्या उपयोगी पडते आणि परदेशात त्याचे काय मोल होते, हे कोणी सांगितलेले नसते. दलालाला मात्र ते सारे ठाऊक असते.

मी विद्वानांचे श्रेय कमी करीत नाही. वाणींसारख्यांनी जन्म वेचला म्हणून आमच्या सहकाऱ्याला दोन वर्षे अधिक मिळाली. परंतु या औषधाच्या इतिहासात सहा नावांच्या खाली जंगलात राबणाऱ्यांचीही एक ओळ हवी. त्यांना रोपे द्या, लागवडीची मजुरी द्या आणि उत्पन्नात वाटा द्या. मग झाड राखण्यात त्यांचाच लाभ राहील. आज हे औषध करायला मुख्यतः झाडच लागते. झाड संपले तर पुढच्या आजाऱ्याच्या चिठ्ठीवर नाव राहील, पण औषध मिळणार नाही.

शोधून सांगितलेली हकिकत आमच्या सहकाऱ्याने शेवटपर्यंत ऐकली. मग त्याने एकच प्रश्न केला : "तोडणाऱ्याला रोज किती मिळतो?" मित्रहो, तो प्रश्न मी आज आपल्या स्वाधीन करतो.