बालवाडीच निघाली पाड्यावर

१९४५ च्या डिसेंबरात तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीत ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पहिली अडचण समोर आली ती हजेरीची. दलित वस्तीतली आणि वारली पाड्यांवरची पोरे बालवाडीत येईनात. सहा वर्षांच्या पोरीच्या कडेवर धाकटे भावंड, थोड्या मोठ्या पोराच्या हातात गुरे राखायची काठी. आईबाप पहाटेच कामाला गेलेले. यांना नटूनथटून वर्गात या म्हणून कोण सांगणार?

ताराबाईंनी उपाय केला तो साधाच होता. पोरे बालवाडीत येत नाहीत ना, मग बालवाडी त्यांच्या अंगणात न्यायची. शिक्षिका सकाळी वस्तीवर जात, पोरांना न्हाऊमाखू घालत, नखे कापत आणि तिथेच झाडाखाली खेळ मांडत. पाटी-खडूऐवजी शिंपले, चिंचोके, खडे, पाने, माती. माँटेसरी पद्धतीचे महागडे लाकडी साहित्य खेड्याला परवडणारे नव्हतेच, आणि वारल्याच्या पोराला शिंपल्यांची मोजणी अधिक ओळखीची होती. यातूनच पुढे 'अंगणवाडी' उभी राहिली. गुरे राखणाऱ्यांसाठी 'कुरणशाळा' निघाली, मोठ्यांसाठी रात्रशाळा.

ताराबाई काही अचानक खेड्यात आलेल्या नव्हत्या. १८९२ चा जन्म, १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवी, राजकोटला शिक्षिकांच्या कॉलेजच्या प्रमुख, तिथून १९२३ साली भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती या शिक्षणसंस्थेत. १९२६ साली दोघांनी नूतन बाल शिक्षण संघ काढला. त्याची 'शिक्षण पत्रिका' गुजरातीत निघे. मराठी आवृत्ती ताराबाई पाहत. पोस्टाने घरपोच जाणारे हे मासिक म्हणजे आपल्याकडचे बालशिक्षिकांचे दूरशिक्षणच म्हणायचे. पुढे दादरला त्यांनी शिशुविहार चालवला, बालशिक्षिकाही तिथे तयार केल्या. पण हे सगळे शहरातल्या, शिकलेल्या घरांपुरते राहतेय ही बोच होतीच. बोर्डीला जायचे ठरले ते त्यापायी.

सोबतीला अनुताई वाघ आल्या. १९१० साली पुणे जिल्ह्यातल्या मोरगावला जन्मलेल्या, तेराव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. मग फायनलची परीक्षा, मग शिक्षिकेची नोकरी. ताराबाई विचार मांडत, अनुताई तो पाड्यावर रोज करून दाखवत. १९५६-५७ च्या सुमारास केंद्र बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणणारी 'विकासवाडी' उभी राहिली. बालवाडीच्या शिक्षिकाही तिथे घडत. बाहेरची पदवीधर बाई चार दिवस येऊन जाते. पाड्याची बोली आणि रीत माहीत असलेली, तिथेच तयार झालेली बाई टिकते. हा धडा पुढच्या सरकारी योजनेने अर्धाच घेतला, असे माझे मत. अंगणवाडीची सेविका गावातलीच हवी, एवढे घेतले. तिला तिच्याच मुलखात, तिच्याच पोरांमध्ये शिकवायचे, हे राहून गेले.

ती योजना म्हणजे अंगणवाड्या चालवणारी एकात्मिक बालविकास सेवा योजना. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांनी ती सुरू झाली. महाराष्ट्राच्या वाट्याला आलेले पहिले दोन प्रकल्प असे : मुंबईतली धारावी आणि मेळघाटातले धारणी. धारणीत घरोघर कोरकू बोलतात; म्हणजे आदिवासी पोरांना कोणत्या भाषेत शिकवायचे आणि शिकवणाऱ्या बाईला कोण शिकवणार, हा प्रश्न योजनेच्या पहिल्या दिवसापासून उभा होता.

शिकवणाऱ्याला दुरून शिकवण्याची एक वाटही त्याच वर्षी दिसली : १ ऑगस्टला शेजारच्या कर्नाटकातल्या गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर भागात 'साइट' नावाचा उपग्रह-दूरदर्शनचा प्रयोग सुरू झाला. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची छत्री, गावात एक संच, समोर अख्खा गाव. सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत वर्षभर तो चालला. प्राथमिक शिक्षकांचे प्रशिक्षणसुद्धा पडद्यावरून झाले. महाराष्ट्र त्यात नव्हता.

शिकवणाऱ्या बाईला कोण शिकवणार, हा प्रश्न आज मराठवाड्यातल्या आष्टी तालुक्यातही आहे. बोर्डीच्या काळात हा तालुका निजामाच्या हैदराबाद संस्थानात, बीड जिल्ह्यात होता. सरकारी शिक्षणाचे माध्यम उर्दू. १७ सप्टेंबर १९४८ नंतर संस्थान भारतात आले, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात. बालाघाटाच्या या कमी पावसाच्या मुलखात आदिवासी पाडे कोसबाडसारखे ओळीने नाहीत. पारध्यांच्या वस्त्या आहेत, त्याही गावकुसाबाहेर विखुरलेल्या. पारध्यांची घरची बोली गुजरातीला जवळची. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अशा जमातींवर गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, गावांच्या मनातून गेला नाही. पारध्याचे पोर अंगणवाडीत बसले की बाकीच्यांच्या आया कशा पाहतात, हे कुठल्याही प्रशिक्षणाच्या पुस्तकात नसते. तरी पहिल्या महिन्यात सेविकेला सर्वांत आधी त्या नजरांशीच झुंजावे लागते.

त्यात हंगाम. दिवाळी सरली की ऊसतोडीला गाड्या निघतात, पोरेही उसाच्या फडावरच्या कोपीत (खोपटात) राहायला जातात आणि उन्हाळ्यात परत येतात. पटावर नाव इथे, पोर फडात.

अशा ठिकाणच्या सेविकेला आता मोबाईलवर शिकवायचे ठरले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात ते स्पष्ट लिहिले आहे : बारावी झालेल्यांना सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम, कमी शिकलेल्यांना वर्षाची पदविका, डीटीएच आणि स्मार्टफोनवरून, मात्र महिन्यातून निदान एक प्रत्यक्ष वर्ग. आदिवासी भागातल्या आश्रमशाळांतही पूर्वप्राथमिक शिक्षण न्यायचे त्यात आहे. १० मे २०२३ ला केंद्राने 'पोषण भी पढाई भी' हा कार्यक्रम आणला आणि सेविकेकडे खिचडी-वजनाइतकीच पढाईची जबाबदारी आली.

फोनची कथा मात्र वेगळी आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारी मोबाईल परत करण्याचे आंदोलन केले. फोन कमी क्षमतेचे, गरम होणारे. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमधली नोंद मराठीत करता येईना. जिला सरकारी नोंदी इंग्रजीत भरायला लावल्या, तिला त्याच पडद्यावर बालशिक्षण शिकवायचे तर आधी काय दुरुस्त करायचे, हे त्या बायकांनी रस्त्यावर येऊन सांगितले होते.

शिक्षिकेला तिच्याच भाषेत घडवता येते. न्यूझीलंडमध्ये १९८२ पासून माओरी लोकांनी 'कोहांगा रेओ' नावाच्या बालवाड्या उभ्या केल्या. त्यांचा शिक्षिका घडवण्याचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम माओरी भाषेत आहे आणि तो त्या बालवाडीतच, कुटुंबांच्या संगतीने पुरा होतो. कोसबाडची आठवण करून देणारी ही रीत.

आष्टीसाठी ऑनलाइन अभ्यासक्रम बांधणाऱ्याने डोंगराआडच्या वस्तीवर रेंज जाते हे धरून चालावे. चित्रफीत उतरवून घेता यावी, छोटी असावी. वाचायला जड तिथे ऐकायला ध्वनिफीत असावी. सांगणारीचा आवाज मराठवाडी असावा, आणि पारधी पोराशी पहिले चार शब्द कसे बोलायचे, हे पारधी बाईच्याच तोंडून यावे. परीक्षा ऊसतोड आणि सर्वेक्षणाचे महिने टाळून घ्यावी. बीटची, म्हणजे एका पर्यवेक्षिकेकडच्या अंगणवाड्यांची, मासिक बैठक तशीही होतेच. धोरणातला तो एक प्रत्यक्ष वर्ग तिला जोडला, तर पर्यवेक्षिकेला अहवाल गोळा करण्याबरोबर एखादा खेळ करून दाखवायलाही वेळ राहील.