तालुका माढा, जिल्हा सोलापूर

सातबाऱ्याच्या माथ्यावर गाव, तालुका, जिल्हा अशी नावं असतात. माढ्याकडचा शेतकरी पीककर्जासाठी उतारा काढतो, गट नंबर आणि क्षेत्र तपासतो, घडी घालून खिशात ठेवतो. त्या वरच्या ओळीकडे बघायला त्याला सवड नसते. तिची कुळकथा मात्र ऐकण्याजोगी आहे.

‘तालुका’ अरबीतून, फारसीच्या वाटेनं आला. मुळात अर्थ ‘संबंध’; त्यावरून कुणाच्या तरी ताब्यातला, त्याच्याशी बांधलेला मुलूख. ‘जिल्हा’ म्हणजे मुळात बरगडी, बाजू. ‘तहसील’ म्हणजे सरळ वसुली. राज्याची अंगं कशी पाडली आणि कशासाठी पाडली, ते या तीन शब्दांतच आलं. ‘परगणा’ मागे पडला, देशमुख-देशपांडे आडनावापुरते उरले, कुलकर्ण्याच्या जागी तलाठी आला. जुनी माणसं तहसील कार्यालयाला अजून मामलेदार कचेरीच म्हणतात.

माढ्यात रावरंभा निंबाळकरांची गढी आहे. त्या काळी मुलूख सरदाराच्या नावानं ओळखला जाई. इंग्रजांनी तो कलेक्टरच्या नकाशात बसवला, पण नकाशा लवकर ठरेना. 1838 मध्ये सोलापूर हा नगरचा उपजिल्हा झाला. त्यात बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा होते आणि इंडी, हिप्परगी, मुद्देबिहाळही. हे शेवटचे तिन्ही भाग आज कर्नाटकात आहेत. 1864 मध्ये तो उपजिल्हा मोडला. काही वर्षांतच सोलापूर पुन्हा जुळवलं; साताऱ्याकडून पंढरपूर आणि सांगोला आले, 1875 मध्ये माळशिरस. या सगळ्या उलथापालथीत माढ्याचं नाव टिकलं, हे मला फार मोलाचं वाटतं. माणसाचा खरा संबंध तालुक्याशीच असतो; फेरफार, दाखला, दावा, सगळं तिथंच.

आजही एका रेघेत सगळं बसत नाही. तालुक्याचं गाव माढा, पण प्रांत कचेरी कुर्डुवाडीला. 2009 पासूनच्या माढा लोकसभा मतदारसंघात साताऱ्याचे फलटण आणि माणसुद्धा येतात.

घरातल्या पेटीत आजा-पणज्याचं मोडीतलं खरेदीखत असेल तर ते रद्दीत घालू नका. जाणकाराकडून आधी त्याचा मथळा वाचून घ्या. पंढरपूर-सांगोल्याकडच्या फार जुन्या कागदावर जिल्हा सातारा निघू शकेल.