दर कोण ठरवितो?

गिरणीच्या साचेखात्यात विणकराला मजुरी मिळे ती विणलेल्या मालावर. म्हणून तेथले तंटे बहुधा दराचे असत. अशा तंट्यांत आयुष्य गेलेल्या आम्हांला अमेरिकेतील शस्त्रक्रिया-केंद्रांच्या दरांचा इतिहास परका वाटत नाही.

1970 साली ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरी डॉ. वॉलेस रीड व डॉ. जॉन फोर्ड यांनी असे पहिले केंद्र काढले. सकाळी यावे, शस्त्रक्रिया करून घ्यावी, त्याच दिवशी घरी जावे. वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा, 'मेडिकेअर', 1965 च्या कायद्याने आला होता. परंतु या केंद्रांना त्यातून पैसे देण्याची वाट 1980 च्या कायद्याने मोकळी झाली. 1982 पासून शस्त्रक्रियांचे चार गट पाडून प्रत्येक गटाला एकच दर देऊ लागले.

हॉस्पिटलच्या बाह्यरुग्ण विभागाचा हिशेब निराळा होता. तेथे रुग्णाने बिलाचे 20 टक्के भरावयाचे. बिले फुगत गेली, तसा म्हाताऱ्या माणसाचा वाटाही फुगला. 2000 साली हॉस्पिटलांनाही ठरावीक दर लागू झाले, तेव्हा कोठे त्याला आळा बसू लागला.

पुढे 2003 च्या कायद्याने केंद्रांसाठी नवी पद्धत आखावयास सांगितले. ती 2008 साली सुरू झाली. हॉस्पिटलचीच दरपत्रिका पायाला धरली. पण एकूण सरकारी खर्च वाढता कामा नये, या अटीमुळे केंद्राचा दर हॉस्पिटलच्या सुमारे 65 टक्क्यांवर बसला. मोतीबिंदू तोच, दार बदलले की दर बदलला. हॉस्पिटलला रात्रंदिवस तातडीचा विभाग चालवावा लागतो, हे खरे. दर उतरला की रुग्णाचा वाटा उतरतो, हेही खरे. परंतु दर परवडेनासा झाला की काम महाग दाराकडे वळते. शिवाय अनेक केंद्रांत शस्त्रक्रिया करणारा डॉक्टरच भागीदार असतो.

एक गोष्ट मात्र घेण्याजोगी आहे. तेथे दरवर्षी दरांचा मसुदा आधी प्रसिद्ध होतो, हरकती मागवितात आणि मगच दर कायम होतात. कामगार चळवळीची जुनी मागणी याहून वेगळी नव्हती. आपल्याकडे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून ठरावीक दराने शस्त्रक्रिया होतात. ते दर रुग्णाने आणि परिचारिकेनेही वाचावेत, त्यांवर बोलावे. गरिबाला कोणते दार उघडते, हे शेवटी त्या आकड्यावर ठरते.