नांदेड, उदगीर व प्रसंगावधानाची पूर्वतयारी

शस्त्राचा घाव क्षणांत पडतो. परंतु त्या क्षणीं मनुष्य काय करील हें बहुधा फार आधीं ठरून गेलेलें असतें. आमच्या जुन्या हकीकतींत अशा प्रसंगाचें सारें श्रेय ऐन वेळच्या शौर्यास दिलेलें आढळतें, व त्यामागील तयारीच्या खुणा वाचकाच्या नजरेतून निसटतात. मराठवाड्यांतील नांदेड व उदगीर या दोन स्थळांशीं संबंध असलेले दोन प्रसंग या दृष्टीनें तपासण्याचें आम्ही योजिलें आहे.

इ. स. १७०८ मध्यें बादशहा बहादुरशहा आपला भाऊ कामबक्ष याच्या पारिपत्यासाठीं दक्षिणेंत उतरला, त्या सुमारास गुरु गोविंदसिंग नांदेडास आले. त्यांचें वय त्या वेळीं अवघें एकेचाळीस होतें. पित्याचा दिल्लीस १६७५ सालीं झालेला वध व चारही पुत्रांचा अंत हें सर्व ते सोसून बसले होते. सैनापतीच्या ‘श्रीगुरसोभा’ या जवळजवळ समकालीन ग्रंथावरून हल्ल्याची हकीकत अशी दिसते: एक पठाण गुरूंकडे येऊन बसूं लागला व संधि पाहूं लागला. एके सायंकाळीं गुरु विश्रांति घेत असतां, व जवळचा सेवक पेंगलेला असतां, त्यानें जमधरानें वार केला. गुरूंनीं तत्काळ तलवार उचलून एकाच घावांत त्याचा निकाल लाविला, व नंतर लोकांस हांक मारिली. जखम शिवण्यांत आली. परंतु पुढें तिनेंच घात केला, व ७ ऑक्टोबर १७०८, कार्तिक शुद्ध ५ शके १६३० रोजीं गुरूंचा देहांत झाला.

भक्ताच्या ग्रंथांतील हकीकत म्हणून कोणी हिजवर शंका घेईल. खाफीखान तर मारेकरी कोण तें समजलें नाहीं असें म्हणतो. परंतु बादशाही दरबारच्या त्याच ऑक्टोबर अखेरच्या अखबारांत, गुरु गोविंदांनीं मारिलेल्या जमशेदखान अफगाणाच्या मुलास दुखवट्याची खिलत दिल्याची नोंद आहे. हा जमशेदखान तोच मारेकरी, असें अखबार सांगत नाहीं. तें अनुमान आहे. तथापि ज्या कारकुनास गुरूंचें गौरव करण्याचें कांहींच कारण नव्हतें, त्याच्या या कोरड्या ओळीनें मूळ हकीकतीस मोठेंच बळ येतें.

आतां प्रश्न असा कीं, निजलेल्या व जखमी मनुष्यास हें साधलें कसें? आमच्या मतें याचें उत्तर नांदेडच्या तंबूंत नसून नऊ वर्षें मागें, आनंदपुरांत आहे. १६९९ सालीं खालसा पंथ स्थापितांना शस्त्रधारण हा नित्यधर्म ठरविण्यांत आला. जें शस्त्र रोज अंगावर असतें, तें शोधावें लागत नाहीं. व जो हात रोज चालतो, त्यास मनाच्या आज्ञेची वाट पाहावी लागत नाहीं. तयारीची उणीव दिसते ती सेवकाच्या ठिकाणीं. पाहारा दुसऱ्यावर सोंपवितां येतो, सावधपणा येत नाहीं. या तयारीनें गुरूंचा प्राण वाचला नाहीं हें खरें. परंतु जे कांहीं दिवस मिळाले, त्यांतच सिखपरंपरेप्रमाणें गुरुपद ग्रंथसाहेबास अर्पण करण्याची व्यवस्था झाली. पंथाच्या दृष्टीनें या दिवसांचें मोल कोण करील?

प्रतापगडचा प्रसंग (१० नोव्हेंबर १६५९) सर्वांच्या परिचयाचा आहे. सभासदाची बखर पाहावी. तींत कुडती, बिचवा, वाघनख, जिऊ महाला व सय्यद बंडास दूर करविण्याचा आग्रह यांचा तपशील येतो. खानानें मान कवटाळून जमदाड चालविली, तेव्हां महाराजांस नवें असें कांहींच सुचावें लागलें नाहीं. ती शक्यता मनांत आधींच घडून गेली होती. नांदेडास तयारी संवयीची होती, प्रतापगडीं ती योजनेची होती.

उदगीरचा प्रसंग तिसऱ्या प्रकारचा आहे. १७५९ च्या ऑक्टोबरांत मुजफरखान गारद्याच्या कटानें पुण्यास गारपिरावर सदाशिवरावभाऊंवर मारेकरी घालण्यांत आला. भाऊ जखमी झाले, पण वांचले. कटवाल्यांस देहांत शासन झालें. ज्यास आपल्याच गोटांतील शस्त्रानें गांठलें, तो मनुष्य पुढें गारद्यांचें तोंड पाहणार नाहीं असें वाटेल. भाऊंनीं तसें केलें नाहीं. चार महिने लोटण्याच्या आंत, इब्राहिमखान गारद्याचा तोफखाना बरोबर घेऊन, त्यांनीं उदगीर-औसा भागांत निजामाची फौज कोंडिली, व १७६० च्या फेब्रुवारीच्या आरंभीं सुमारें साठ लक्षांचा मुलूख तहांत मिळविला. घाव बरा होतो, त्याची धास्ती मागें राहते. तिला मुलूखगिरीच्या आड येऊं न देणें हाही तयारीचाच भाग होय.

याच्या उलट उदाहरण ३० ऑगस्ट १७७३ चें. ग्रँट डफच्या हकीकतीप्रमाणें नारायणराव पेशव्यांस गारद्यांच्या फितुरीची सूचना त्याच दिवशीं मिळाली होती. बंदोबस्ताचें हरिपंत फडक्यांस सांगितलेंही होतें. परंतु तें काम भोजनोत्तरावर राहिलें. अठरा वर्षांचा पेशवा निःशस्त्र स्थितींत चुलत्याच्या गळ्यास मिठी घालता झाला. सूचना होती, संवय नव्हती. आणि सूचना व संवय यांमधील अंतर त्या एका दुपारीं भरून निघण्यासारखें नव्हतें.

यावरून संग्राहकांस आमची एक विनंति आहे. नांदेड, कंधार, उदगीर व औसा येथील जुन्या घराण्यांचे रुमाल सोडतांना वतनपत्रें व सनदा तेवढ्या निवडून, किरकोळ यादी रद्दी समजून बाजूस सारूं नयेत. तालमीचा खर्च, पाहारेकऱ्यांची हजिरी, शिकलगारास दिलेले पैसे, जखमीच्या मलमपट्टीची नेमणूक, अशा ओळींतच जुन्या मनुष्यांची मनाची तयारी लिहून राहिलेली असते. पराक्रमाची हकीकत बखरकार देतात. तो कसा शक्य झाला, हें असल्या चिटोऱ्यांवरूनच कळावयाचें आहे.