टाकळा आणि गोव्याची पावडर

जूनचे दोन-चार चांगले पाऊस झाले की कर्जत-खालापूर पट्ट्यात रस्त्याकडेला, माळावर, बांधावर टाकळा तरारून उठतो. कोवळ्या पाल्याची भाजी होते, ट्रेकला जाणाऱ्या मंडळींनी खाल्लीही असेल. याच दिवसांत अजून एक गोष्ट तरारते: गजकर्ण! ओले मोजे, ओल्या जीन्स, लोकलमधला घाम... त्वचेवरच्या बुरशीला आणखी काय हवं?

टाकळ्याचं संस्कृत नाव चक्रमर्द. दुसरं दद्रुघ्न. दद्रु म्हणजे नायटा आणि चक्र म्हणजे त्याचा तो गोल चट्टा. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात ही नावं आहेत. म्हणजे बघा, नावातच प्रिस्क्रिप्शन. बिया वाटून लेप लावायची पद्धत जुनीच.

आता गंमत ऐका. एकोणिसाव्या शतकात मुंबईत नायट्यावर एक महागडं औषध मिळायचं, 'गोवा पावडर'. पिवळट-तपकिरी भुकटी. कशापासून बनते ते विकणारे सांगत नसत. १८७५ च्या सुमारास ब्राझीलमधल्या बाहियाचे डॉक्टर दा सिल्व्हा लिमा यांनी कोडं सोडवलं: ही तर आमच्याकडच्या अरारोबा झाडाच्या खोडातली भुकटी! पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ती गोव्याला आणली, आणि नाव पडलं गोव्याचं. तिच्यातल्या औषधी भागाला पुढे क्रायसारोबिन म्हणू लागले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला ही भुकटी मिळेना, तेव्हा १९१६ मध्ये तिच्या धर्तीवर डायथ्रेनॉल बनवलं गेलं. ते सोरायसिसवर आजही वापरतात.

आणि १९७५ साली आचार्य आणि चॅटर्जी या भारतीय संशोधकांनी टाकळ्याच्या बियांतलं बुरशी मारणारं मुख्य द्रव्य वेगळं काढलं. निघालं क्रायसोफॅनिक ॲसिड-९-अँथ्रोन. क्रायसारोबिनमधला मुख्य घटक तोच! अर्धी पृथ्वी ओलांडून जे रसायन आपण विकत घेत होतो, ते बांधावर उगवत होतं. 'झाडपाला' म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.

पण म्हणून लगेच बिया वाटायला बसू नका. क्रायसारोबिन त्वचा भाजून काढायचं, कपड्यांवर न जाणारे डाग पाडायचं. ब्राझीलमध्ये झाड फोडणाऱ्या मजुरांचे डोळे सुजायचे. घरच्या लेपात द्रव्य किती उतरलं याचं काही स्पेसिफिकेशन नसतं. आयुर्वेद एका बाजूला आणि केमिस्ट्री दुसऱ्या, असा सामनाच इथे नाही. औषध एकच आहे, प्रश्न मात्रेचा आहे.

हा प्रश्न आज जुना राहिलेला नाही. ट्रायकोफायटन इंडोटिनी नावाची बुरशी (हे नामकरण २०२० चं) भारतात पसरली आहे आणि टर्बिनाफिनसारख्या नेहमीच्या औषधाला ती बरेचदा दाद देत नाही. त्यात आपण केमिस्टकडून परस्पर स्टेरॉइडवाली ट्यूब आणतो. दोन दिवसांत खाज थांबते, लाली उतरते, आणि बुरशी मात्र आत निवांत पसरत राहते.