वीस वर्षांखालील वाचक

किशोरांच्या कथा-कादंबऱ्यांत खून, मारामाऱ्या आणि क्रौर्य कितपत असावे, हा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. आपल्या संसदेने या प्रश्नाचे उत्तर १९५६ सालीच देऊन ठेवले आहे, हे वाद घालणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते. त्या वर्षीचा ९३ क्रमांकाचा अधिनियम म्हणजे तरुण व्यक्ती (हानिकारक प्रकाशने) अधिनियम. गुन्हे, हिंसा वा क्रौर्याची कृत्ये, किंवा किळसवाणे व भयानक प्रसंग प्रामुख्याने रंगविणारे कथांचे पुस्तक एकंदरीत तरुण वाचकाला बिघडविण्याकडे झुकणारे असेल, तर ते विकणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड वा दोन्ही.

हा कायदा आपल्या मातीतला नव्हे. सप्टेंबर १९५४ मध्ये ग्लासगो शहरात शेकडो शाळकरी मुले एका दफनभूमीत जमली. लोखंडी दातांच्या एका पिशाचाने दोन मुलांना मारले अशी आवई उठली होती आणि ही मुले त्याच्या शोधात निघाली होती. दोष अमेरिकन भयकथांच्या चित्रपुस्तकांवर आला. तसे पिशाच असलेले चित्रपुस्तक कोणाला सापडले नाही. लोखंडी दातांचा प्राणी बायबलमधील दानिएलाच्या ग्रंथात मात्र होता. त्याच वर्षी अमेरिकेत मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक वर्थम यांचे चित्रकथांविरुद्धचे पुस्तक गाजत होते. कॅरल टिली या अभ्यासिकेने त्यांची कागदपत्रे तपासून २०१२ साली दाखवून दिले, की वर्थम यांनी मुलांच्या कथनांत फेरफार केले होते. तोवर अर्धशतक उलटून गेले होते.

ब्रिटनने १९५५ मध्ये कायदा केला, आणि पुढच्याच वर्षी आपण त्याचा मसुदा उचलला. उचलताना जे बदलले, ते मला मूळ कायद्याहून अधिक बोलके वाटते. ब्रिटिश कायदा फक्त चित्रांतून सांगितलेल्या कथांपुरता होता. आपण लिहिले: चित्रांच्या साहाय्याने, चित्रांवाचून, किंवा केवळ चित्रांत. 'चित्रांवाचून' या एका शब्दाने अलाहाबादेहून १९५२ पासून निघणारी इब्ने सफी यांची 'जासूसी दुनिया' आणि आपल्या बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार व काळापहाड, सारेच कायद्याच्या टप्प्यात आले. ब्रिटनमध्ये खटल्यास महान्यायवादीची संमती लागे; आपल्याकडे गुन्हा दखलपात्र ठरला. ब्रिटिश कायद्यावर १९६५ अखेरची मुदत होती आणि तो कायम झाला १९६९ साली. आपण मुदत घातलीच नाही.

वयाचे तर विचारूच नका. आपल्या कायद्यात 'तरुण व्यक्ती' म्हणजे वीस वर्षांखालील व्यक्ती. हा आकडा बहुधा भारतीय दंडविधानाच्या कलम २९३ मधून आला असावा; तिथे अश्लील वस्तूंच्या विक्रीसाठी तीच मर्यादा होती. परंतु आदल्याच वर्षी, १९५५ मध्ये, याच संसदेने हिंदू विवाह कायद्यात वधूचे किमान वय पंधरा ठरविले होते. म्हणजे सोळाव्या वर्षी संसार मांडलेल्या मुलीला पुढची चार वर्षे रहस्यकथेपासून जपायचे!

विनोद बाजूला ठेवू. नऊ वर्षांचे मूल आणि एकोणीस वर्षांचा महाविद्यालयीन विद्यार्थी यांना एकाच व्याख्येत बसविल्यावर 'हे पुस्तक कोणासाठी?' हा खरा प्रश्न विचारताच येत नाही. नऊ वर्षांच्या मुलाच्या हाती मी काही पुस्तके देणार नाही, हे स्पष्टपणे सांगतो. क्रौर्य जिथे केवळ चवीसाठी येते आणि मरणाऱ्याला नावही नसते, तिथे मूल हिंसेविषयी चुकीचेच काही शिकते असे माझे मत आहे. भीम दुःशासनाचे रक्त पितो, तो प्रसंग आपण लहानपणीच ऐकतो. पण त्याच्या मागे द्यूतसभा असते आणि पुढे उजाड कुरुक्षेत्र असते. हा फरक शेजारी बसून वाचणाऱ्या आजीला कळतो, ग्रंथपालाला कळू शकतो. जप्तीचा हुकूम काढणाऱ्या सचिवालयाला तो कळण्याचा मार्ग कायद्यात नाही.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी प्रोत्साहनांकडे पाहतो. राज्य सरकारला राज्याच्या प्रमुख विधी अधिकाऱ्याचा सल्ला घेऊन पुस्तक सरकारजमा करता येते. त्याविरुद्ध साठ दिवसांत उच्च न्यायालयात जाता येते. हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्याला न्यायालयापुढे कारणे द्यावी लागतात. फाईल बाजूला सारणाऱ्याला कोणी काही विचारत नाही. त्यामुळे असा अधिकार बहुतांशी निजून राहतो, आणि कधी जागा झालाच तर तो मुलांसाठी नव्हे, तर कोणा मोठ्यांच्या तक्रारीवरून जागा होतो. वयानुरूप पुस्तके निवडून देणारा प्रशिक्षित शालेय ग्रंथपाल नेमायचा, तर पद मंजूर करावे लागते आणि पगार द्यावा लागतो. बंदीला अर्थसंकल्पात तरतूद लागत नाही.

१९८९ पासून अठराव्या वर्षी मताधिकार मिळाला. १ जुलै २०२४ रोजी भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा अश्लील वस्तूंच्या विक्रीच्या कलमातील वीस वर्षांची मर्यादाही अठरावर आली. १९५६ च्या व्याख्येतील विसाला मात्र त्या संहितेने हात लावला नाही.