निद्रानिरूपण ते निद्रायंत्र : घोरण्याच्या इतिहासातील काही टप्पे

मराठी भाषेने घोरणे ही क्रिया नेहमीच सुखाच्या खात्यात जमा केली आहे. 'ढाराढूर झोपला', 'खुशाल घोरत पडला', 'कुंभकर्णाची झोप' या सर्व प्रयोगांमध्ये घोरणारा माणूस निश्चिंत, थोडासा आळशी आणि बहुधा पोट भरलेला असतो. त्याच्या घोरण्याचा त्रास इतरांना होतो, त्याला स्वतःला नाही, असे ही भाषा गृहीत धरते. वैद्यकशास्त्राने गेल्या साठ वर्षांत हे गृहीत उलटे केले आहे. प्रस्तुत लेखात या उलथापालथीचा इतिहास थोडक्यात मांडण्याचा आणि त्यातून साहित्याच्या अभ्यासकांनी काय घ्यावे याचा विचार करण्याचा आमचा प्रयत्न आहे.

आरंभ वाल्मीकींपासून करता येईल. युद्धकांडात कुंभकर्णाला उठवायला गेलेल्या राक्षसांना त्याच्या श्वासाच्या वाऱ्यापुढे उभे राहणेही कठीण होते. तेथे घोरणे हे प्रचंड बळाचे लक्षण आहे. मराठीत मात्र झोपेचे अधिक बारकाईने केलेले वर्णन सापडते ते समर्थ रामदासांच्या दासबोधात. अठराव्या दशकातील नववा समास 'निद्रानिरूपण' हाच आहे. जांभया देणारे, डुलक्या खाणारे, टेकून बसल्या जागीच घोरू लागणारे, दचकून चहूकडे पाहणारे, दात खाणारे अशी झोपणाऱ्यांची एक मोठी रांगच समर्थांनी तेथे उभी केली आहे. समासाचा हेतू अर्थातच पारमार्थिक आहे. निद्रा आणि आळस यांपासून साधकाला सावध करावयाचे आहे. तरीही बसल्या बसल्या घोरणारा आणि दचकून जागा होणारा माणूस सतराव्या शतकातील एका मराठी लेखकाने नेमका टिपून ठेवला आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. समर्थांना रोग दिसला, असा दावा आम्ही करीत नाही. निरीक्षण अचूक होते आणि त्याचा अर्थ नीतीच्या भाषेत लावला गेला, एवढेच आमचे म्हणणे आहे.

इंग्रजी साहित्यात हाच प्रकार चार्ल्स डिकन्सच्या बाबतीत घडला. १८३६-३७ मध्ये क्रमशः प्रसिद्ध झालेल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत ज्यो नावाचा एक लठ्ठ पोरगा आहे. तो कोठेही, अगदी उभ्या उभ्याही झोपतो आणि घोरतो. वाचक त्याला हसले. त्यानंतर जवळजवळ १२० वर्षांनी, १९५६ मध्ये, बर्वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अतिलठ्ठपणा व अनावर झोप असलेल्या एका रुग्णाचे वर्णन करताना त्या विकाराला 'पिकविकियन सिंड्रोम' असे नाव दिले. हा रुग्ण पत्ते खेळताना, हातात उत्तम पाने असतानाच, झोपी गेला होता. एका विनोदी पात्रावरून रोगाचे नामकरण व्हावे, हे साहित्याच्या सामर्थ्याचे उदाहरण म्हणून अनेकदा सांगितले जाते. आम्हाला मात्र त्यात दुसरीही एक बाजू दिसते. जी गोष्ट हसण्यावारी नेता येते तिची तपासणी करावी असे कोणाला वाटत नाही.

पुढचे टप्पे भराभर आले. १९६५ मध्ये फ्रान्स आणि जर्मनीतील संशोधकांनी झोपलेल्या रुग्णांच्या रात्रभर नोंदी घेतल्या, तेव्हा त्यांचा श्वास वारंवार बंद पडतो, असे आढळले. गाढ झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासमार्ग मिटतो, छाती ओढ घेत राहते पण हवा आत जात नाही. मग मेंदू क्षणभर जागा होतो, मोठ्याने घोरून श्वास सुरू होतो आणि झोपणाऱ्याला सकाळी यातले काही आठवत नाही. १९७६ मध्ये गिलेमिनो यांनी या विकाराला 'स्लीप ॲप्निया सिंड्रोम' असे नाव दिले. ॲप्निया म्हणजे श्वासाचा अभाव. किमान दहा सेकंदांचा असा खंड तासाला पाच वेळा पडला की आजाराची दखल घेतली जाते. तीस वेळा वा अधिक पडला तर तो तीव्र समजला जातो. अशा घरात घोरणे थांबले म्हणून कोणाचा जीव भांड्यात पडत नाही. उलट शेजारी झोपलेले माणूस त्याच शांततेने उठून बसते.

तोवर यावर खात्रीचा उपाय एकच होता : गळ्याला छिद्र पाडून त्यातून श्वास घेणे. जून १९८० मध्ये सिडनी येथे कॉलिन सुलिव्हन या डॉक्टरांनी, गळ्याची शस्त्रक्रिया नाकारणाऱ्या एका रुग्णावर वेगळा प्रयोग केला. त्यांनी नाकावर घट्ट बसणारा मुखवटा आणि हवा फेकणारे यंत्र यांच्या साहाय्याने श्वासमार्गात सतत थोडा दाब ठेवला. हवेच्या त्या आधाराने घसा मिटेनासा झाला आणि रुग्ण सलग झोपला. पाच रुग्णांवरील हा अनुभव एप्रिल १९८१ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. आजच्या 'सीपॅप' यंत्राचा हा जन्म होय. त्यातून प्राणवायूचा वेगळा पुरवठा होत नाही. खोलीतलीच हवा गाळून, दाब देऊन नाकात सोडली जाते. येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. यंत्र लावलेला माणूस अत्यवस्थ नसतो. तो इतरांसारखाच झोपलेला असतो, किंबहुना अनेक वर्षांनी प्रथमच नीट झोपलेला असतो.

हा विकार परदेशातला वा केवळ श्रीमंतांचा, ही समजूतही टिकणारी नाही. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात शहरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी १९.५ टक्क्यांना झोपेत श्वासाचा अडथळा आढळला. दिवसाच्या झोपेसह पूर्ण विकार ७.५ टक्क्यांना होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले तेव्हा वृत्तपत्रांतून हे नाव घरोघरी पोचले.

आता सायखेड्यासारख्या गावाकडे वळू. निफाड तालुक्यात गोदावरीच्या काठी वसलेले हे गाव कांद्याच्या आणि द्राक्षांच्या व्यवहारावर जगते. येथे हे यंत्र आले की त्याच्याबरोबर काही प्रश्नही येतात, आणि ते सिडनीत कोणाला पडले नसतील. पहिला प्रश्न विजेचा. गावठाणातली वीज वेगळी आणि मळ्यातली वेगळी. शेतीपंपांना पाळीपाळीने मिळणाऱ्या विजेवर वस्तीवरच्या घरांची रात्र अवलंबून असते. वीज गेली की यंत्र थांबते आणि माणूस मुखवट्यासह दचकून उठतो. म्हणून यंत्रामागोमाग इन्व्हर्टर घ्यावा लागतो. यंत्रातील हवा दमट ठेवण्यासाठी ऊर्ध्वपातित पाणी लागते; गावातल्या दुकानात ते 'बॅटरीचे पाणी' म्हणून मागावे लागते. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा आणि पलीकडच्या चांदोरीत शिरले, तेव्हा लोकांनी धान्य, कागदपत्रे आणि जनावरे हलविली. आज तशी वेळ आली तर काही घरांतून ही पेटीही हलवावी लागेल, आणि जेथे हलवायची तेथे रात्री वीज हवी.

दुसरा प्रश्न प्रवासाचा. आमच्यापैकी एक जण गेली काही वर्षे हे यंत्र वापरतो, त्यामुळे हा भाग ऐकीव नाही. पेटी उचलणे कठीण नाही. तीनशे ग्रॅम वजनाची प्रवासी यंत्रेही २०१७ पासून मिळू लागली. कठीण आहे ते मुक्कामाचे. लग्नघरात ओळीने सतरंज्या अंथरलेल्या असतात आणि भिंतीतला एकुलता एक पॉइंट मोबाइलांनी व्यापलेला असतो. उन्हाळ्यात अंगणात बाजेवर झोपण्याचे सुख संपते. रेल्वेने मार्च २०२१ मध्ये आगीच्या धोक्यामुळे रात्री अकरा ते पहाटे पाच डब्यांतील चार्जिंगचे पॉइंट बंद ठेवण्याचे ठरविले. कारण योग्यच होते. पण मुखवटा लावून झोपणाऱ्याची नेमकी हीच वेळ. विमानात शंभर वॉट-तासांपर्यंतची बॅटरी सहज नेता येते, त्याहून मोठी असल्यास विमान कंपनीची परवानगी घ्यावी लागते. आणि त्र्यंबकेश्वराहून निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर पंढरीला पायी निघायचे असेल तर रोजच्या मुक्कामाला वीज कोठे मिळेल, याचा विचार आधी करावा लागतो.

या सर्वांहून अवघड अडसर लज्जेचा आहे. यंत्र घ्यायचे म्हणजे आधी आपण घोरतो हे मान्य करायचे, आणि घोरणे तर आपल्याकडे चेष्टेचा विषय! स्त्रियांच्या बाबतीत ही लाज दुप्पट होते. त्यांचे घोरणे घरातही उच्चारले जात नाही, मग तपासणी कोण करणार? उपचार न झालेला माणूस मात्र दिवसा झोपेशी झगडत राहतो. तो वर्गात मागच्या बाकावर बसलेला असतो किंवा नाशिक-छत्रपती संभाजीनगर रस्त्यावर कांद्याची पिकअप चालवीत असतो. पहिल्याला आपण आळशी म्हणतो. दुसऱ्याला अपघातानंतर बेफिकीर म्हणतो.

साहित्याचा अध्यापक येथे काय करू शकतो? निदान एवढे की निद्रानिरूपणाचा समास शिकविताना त्यातील टेकून घोरणाऱ्या माणसापाशी थोडे थांबावे. त्याच्यावर हसावे, कारण समर्थांची चित्रे हसू आणणारीच आहेत. पण तो रात्री कसा झोपत असेल, हा प्रश्नही विद्यार्थ्यांसमोर ठेवावा. बहुधा वर्गातल्या एखाद्याला आपले वडील आठवतील, आणि त्या संध्याकाळी घरी गेल्यावर तो आईला विचारील की मध्येच त्यांचा श्वास थांबतो का.